लाइन फॉलोअर शिकवताना: बॅटरीपासून स्पर्धेच्या ट्रॅकपर्यंत

पांढऱ्या पृष्ठभागावरची काळी रेषा ओळखून तिच्यावरून स्वतः धावणारा छोटा रोबो म्हणजे लाइन फॉलोअर. शाळेतल्या मुलांना रोबो स्पर्धेत उतरवायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. मोटर, सेन्सर, वीज आणि प्रोग्राम हे चारही विषय त्यात येतात, खर्च आवाक्यात राहतो आणि रोबो कुठे चुकला ते डोळ्यांसमोर दिसतं. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत यातलं बरंचसं सामान आधीच कपाटात असतं. पुढे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ‘मेशमराइज’सारखी रेषांच्या चक्रव्यूहाची स्पर्धा किंवा कॉलेजात गेल्यावर ई-यंत्र या आयआयटी मुंबईच्याच रोबो प्रकल्पाची स्पर्धा खेळायची झाली, तरी पाया हाच.

रोबोनं रेषा सोडली की मुलं आधी लॅपटॉप उघडतात आणि प्रोग्राम बदलू लागतात. दोष मात्र बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो: उतरलेली बॅटरी, घसरणारं चाक, जमिनीपासून जास्त वर बसलेला सेन्सर. म्हणून पुढचा क्रम मोडू नका. आधी वीज, मग मोटर, मग सेन्सर, त्यानंतर प्रोग्राम आणि सगळ्यात शेवटी आकडे जुळवणं. एक टप्पा मोजून पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. हे वळण लागलं की उरलेलं मुलं स्वतः शोधून काढतात.

एका रोबोमागे तीन मुलं ठेवा. चौथं मूल नुसतं बघत बसतं. जोडणी, प्रोग्राम आणि नोंदवही अशी तीन कामं, आणि दर तासिकेला ती फिरवायची. दीड तासाच्या दहा-बारा तासिका लागतात. त्यातल्या निम्म्या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा, कारण खरा वेळ तिथेच जातो.

सामान आणणं

एका रोबोसाठी एवढं लागतं: अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) १, टीबी६६१२एफएनजी मोटर ड्रायव्हर (नॅनोच्या इशाऱ्यावर मोटरींना वीज देणारा बोर्ड) १, सहा व्होल्टच्या एन२० गिअर मोटर २ (ब्रॅकेटसह), ४३ मिमी व्यासाची रबरी चाकं २, बॉल कॅस्टर (पुढच्या टोकाला आधार देणारी फिरती गोळी) १, पाच किंवा आठ सेन्सरची पट्टी १, १८६५० लिथियम सेल २, त्यांचा होल्डर, स्विच, २ अँपिअरचा फ्यूज, ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर १, ‘१०४’ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर २, तीन मिमीचे स्क्रू आणि स्पेसर. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन दोन गटांत मिळून एकेक पुरते. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे हे सगळं एका फेरीत मिळतं. बाकी ठिकाणी ऑनलाइन मागवावं लागतं, तेव्हा मोटर आणि ड्रायव्हर एकेक जास्तीचे मागवा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नेमके तेच जळतात.

अर्डुइनो उनोऐवजी नॅनो घ्यावा, कारण तो लहान आहे आणि त्याला आठ अ‍ॅनालॉग पिना आहेत, उनोला सहाच. स्वस्त नॅनोवर बहुधा सीएच३४० चिप असते. तिचं ‘ड्रायव्हर’ सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर आधीच टाकून ठेवा. अपलोड होत नसेल तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. पोर्टच दिसत नसेल तर केबल बदला. मोबाइल चार्जरच्या कित्येक केबलींत डेटाच्या तारा नसतातच.

मोटर ड्रायव्हरच्या बाबतीत काटकसर करू नका. लॅबमध्ये सापडणारा मोठ्या हीटसिंकचा लाल एल२९८एन स्वतःच दोन व्होल्टच्या आसपास खातो. आठ व्होल्ट दिले की मोटरला सहाच मिळतात, बाकीची उष्णता होते. टीबी६६१२ मध्ये हा तोटा अगदी कमी आहे. तो प्रत्येक मोटरला सलग १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअर देतो, एन२० साठी तेवढे पुरतात. पिवळ्या बीओ मोटरींवर मोटर आणि चाकांची ओळख जरूर करून द्या, पण स्पर्धेसाठी त्या नकोत. त्यांच्या प्लॅस्टिक गिअरमध्ये ढिलेपणा असतो आणि दोन मोटरींचा वेग क्वचितच जुळतो.

पहिल्या रोबोला ३०० आरपीएमची मोटर घ्या. हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. ४३ मिमी चाकाचा परीघ साधारण १३५ मिमी. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५, म्हणजे सेकंदाला ६७ सेंमी. ६०० आरपीएमला हाच वेग १.३५ मीटर होतो. तो दुसऱ्या वर्षी.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी या कामाची नाही. तिचा अंतर्गत रोध इतका असतो की दोन मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं आणि अर्डुइनो रीसेट होतो. मुलांना वाटतं, प्रोग्राम अडकला. १८६५० सेल घेताना वेष्टनावर ९,९०० एमएएच छापलेले सेल नाकारा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता २,००० ते ३,५०० एमएएचच्या दरम्यान असते, त्यापुढचा आकडा खोटा.

वीज

हा टप्पा मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा, सर्वसाधारण ३.७ चा, आणि ३ च्या खाली गेला की तो कायमचा खराब होऊ लागतो. दोन सेल एकापाठोपाठ जोडले की भरलेल्या स्थितीत ८.४ व्होल्ट मिळतात. सेलचं प्लॅस्टिक वेष्टन फाटलं असेल तर तो सेल वापरायचा नाही, कारण त्याचं सगळं बाह्य कवच ऋण टोकाला जोडलेलं असतं आणि होल्डरमध्ये शॉर्ट होऊ शकतं. टीपी४०५६ चार्जर एका वेळी एकाच सेलसाठी असतो. दोन सेल मालेत ठेवून त्यावर चार्ज करू नका. चार्जिंगला लावून वर्ग बंद करून जाऊ नका.

जोडणी अशी. बॅटरीचं धन टोक फ्यूजमधून आणि स्विचमधून ड्रायव्हरच्या व्हीएम पिनेला आणि नॅनोच्या व्हीआयएन पिनेला. नॅनोचे पाच व्होल्ट ड्रायव्हरच्या व्हीसीसीला आणि सेन्सर पट्टीला. बॅटरी, ड्रायव्हर, नॅनो आणि सेन्सर या सगळ्यांचे ग्राउंड एकत्र. ग्राउंडची एक तार राहिली तर मोटर कधी फिरते, कधी नाही, आणि कारण तासभर सापडत नाही. एसटीबीवाय पीन पाच व्होल्टला जोडली नाही तर ड्रायव्हर झोपलेलाच राहतो. बाकी सगळं बरोबर असूनही मोटर ढिम्म हलत नसेल तर आधी हीच पीन तपासा.

४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ड्रायव्हरच्या व्हीएम आणि ग्राउंडमध्ये, जितका जवळ बसेल तितका. त्याच्या अंगावरची फिकट पट्टी म्हणजे ऋण टोक. उलटा लावला तर तो फुटतो. १०४ चा एकेक कपॅसिटर थेट मोटरच्या दोन टोकांवर सोल्डर करा. मोटरच्या ब्रशमधून उठणारा विद्युत गोंगाट सेन्सरच्या आकड्यांत घुसतो, तो त्यामुळे कमी होतो.

सेल घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून धन आणि ऋण तारांमध्ये तपासा. सलग बीप वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे, सेल घालायचे नाहीत. मग सेल घालून तीन ठिकाणी व्होल्टेज मोजायचं: बॅटरीवर, ड्रायव्हरच्या व्हीएमवर आणि नॅनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवर. शेवटचा आकडा ४.९ ते ५.१ च्या आत हवा. तिन्ही आकडे नोंदवहीत गेल्यावरच हा टप्पा संपला. बॅटरीला उलटी बसूच शकणार नाही असा कनेक्टर लावा. उलट्या जोडणीनं ड्रायव्हर एका क्षणात जातो.

सांगाडा

तीन मिमी अ‍ॅक्रिलिक उत्तम, पाच मिमी सनबोर्डही चालतो. चाकांमधलं अंतर १० ते १२ सेंमी, आणि चाकांच्या आसापासून सेन्सर पट्टीपर्यंत १० ते १३ सेंमी ठेवा. पट्टी जितकी पुढे तितकं वळण आधी दिसतं, पण रोबो जरा वळला तरी पट्टी रेषेवर खूप सरकते आणि डोलणं वाढतं. पट्टी जवळ घेतली तर वळण समजायला उशीर होतो. या दोन टोकांमधली जागा प्रत्येक रोबोची वेगळी असते, म्हणून पट्टी बसवायची भोकं लांबट पाडा. पुढे-मागे सरकवता येईल.

वजन कुठे बसतं याला फार महत्त्व आहे, आणि हेच शिकवायचं राहून जातं. एका सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन सेल रोबोच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा. ते पुढे कॅस्टरवर टाकले तर चाकांवर भार पडत नाही आणि वळणावर चाकं घसरतात. सेल आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसवा. तपासायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कॅस्टर काट्यावर आणि चाकं तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवून आकडा पाहा. एकूण वजनाच्या २० ते ३० टक्के कॅस्टरवर असलं की ठीक. त्याहून फार कमी असेल तर वेग घेताना नाक उचललं जातं.

मोटरच्या ब्रॅकेटचे स्क्रू नुसते घट्ट करू नका. दोन्ही चाकं वरून आणि समोरून पाहून समांतर आहेत ना, ते बघा. एक चाक दोन अंशांनी तिरकं असेल तर पुढे कितीही आकडे बदला, रोबो एका बाजूला ओढतच राहतो.

मोटर तपासणं

पहिला प्रोग्राम फक्त मोटरींचा. पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे ० ते २५५ या आकड्यानं वेग ठरवणाऱ्या, दोन पिना नॅनोच्या ५ आणि ६ वर, दिशेच्या चार पिना ४, ७, ८ आणि ९ वर. ० आणि १ या पिना मोकळ्या ठेवायच्या, त्यांवर काही जोडलं की अपलोड अडतं.

रोबो डब्यावर ठेवून चाकं हवेत फिरवा. दोन्ही पुढच्या दिशेला फिरली पाहिजेत. एखादं उलट फिरत असेल तर त्या मोटरच्या दोन तारा अदलाबदल करा, प्रोग्राममध्ये दुरुस्ती नको. नाहीतर पुढे कुठलं चिन्ह कुठे उलटं केलंय याचा हिशेब लागत नाही. मग पीडब्ल्यूएम शून्यापासून पाच-पाचनं वाढवत, रोबो जमिनीवर असताना प्रत्येक चाक कोणत्या आकड्याला हलू लागतं ते लिहून घ्या. त्याखालच्या आकड्यावर मोटर नुसती गुणगुणते. दोन चाकांच्या या आकड्यांत दहापेक्षा जास्त फरक असेल तर मोटर बदलून पाहा.

मोटर ६ व्होल्टची आणि बॅटरी ८.४ ची, म्हणून कमाल मर्यादा ठरवायची: ६ भागिले ८.४ गुणिले २५५, म्हणजे १८२. प्रोग्राममध्ये १८० च्या वर आकडा जाऊच नये अशी सोय करा. आठवीच्या मुलाला गुणोत्तर इथे जितकं पटतं तितकं फळ्यावर पटत नाही.

शेवटी सरळ चाल. फरशीवर दोन मीटरची टेप लावून दोन्ही चाकांना १०० द्या. दोन मीटरमध्ये रोबो १० सेंमीपर्यंत सरकला तर हरकत नाही, ते पुढे सेन्सर सांभाळून घेईल. अर्धा मीटर सरकला तर सांगाड्याकडे परत जा.

सेन्सर

टीसीआरटी५००० जातीच्या सेन्सरमध्ये एक अवरक्त एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर असतो. पांढरा भाग किरण परत पाठवतो, काळा शोषतो. अर्डुइनो हे व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. काही पट्ट्यांवर पांढऱ्याचा आकडा मोठा येतो, काहींवर काळ्याचा. आपल्या पट्टीवर काय येतं ते आधी पाहून लिहा. डिजिटल, म्हणजे नुसतं ० किंवा १ देणारी पट्टी टाळा. रेषा दोन सेन्सरांच्या मध्ये किती सरकली हे ती सांगू शकत नाही.

उंचीचा प्रयोग मुलांकडून करवून घ्यावा, त्यांना तो आवडतो. पट्टीखाली पोस्टकार्डाचे तुकडे एकावर एक ठेवून २, ३, ४, ६ आणि १० मिमीवर पांढऱ्याचा आणि काळ्याचा आकडा लिहायचा, मग फरकाचा आलेख काढायचा. बहुतेक पट्ट्यांना ३ ते ५ मिमीवर सर्वांत चांगला फरक मिळतो. फरक ४०० च्या वर असेल तर उत्तम. २०० च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

फरक कमी येण्याची तीन कारणं नेहमीची. पहिलं, ऊन. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, त्यामुळे खिडकीजवळचा ट्रॅक आणि कोपऱ्यातला ट्रॅक यांचे आकडे जुळत नाहीत. एलईडी ट्यूबचा त्रास जवळजवळ नाही, हॅलोजनचा होतो. पट्टीभोवती काळ्या चार्ट पेपरची झालर लावली की बराच फरक पडतो. दुसरं, शाई. डोळ्यांना काळी दिसणारी प्रत्येक शाई अवरक्त किरण शोषत नाही. काही मार्करनी काढलेली रेषा सेन्सरला पांढरीच दिसते. कार्बन असलेली छपाई आणि काळी इन्सुलेशन टेप बहुतेक चालतात, पण तुकडा तपासल्याशिवाय ट्रॅकचा पूर्ण फ्लेक्स छापून घेऊ नका. तिसरं, फ्लेक्सची चकाकी. मॅट फ्लेक्स मागा.

सेन्सरांमधलं अंतर रेषेच्या रुंदीशी जुळलं पाहिजे. आपल्याकडच्या स्पर्धांत रेषा बऱ्याचदा २.५ ते ३ सेंमीची असते, इन्सुलेशन टेप मात्र १८ मिमीच्या आसपास. २५ मिमी अंतरावर बसवलेल्या दोन सेन्सरांच्या मध्ये टेपची रेषा पूर्ण लपते आणि रोबो आंधळा होतो. कोणत्याही क्षणी निदान एक, शक्यतो दोन सेन्सर रेषेवर हवेत.

कॅलिब्रेशन सोडून चालत नाही, कारण पाचही सेन्सर सारखे नसतात. सुरुवातीच्या चार सेकंदांत रोबोनं जागच्या जागी डावी-उजवीकडे फिरून प्रत्येक सेन्सरचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा टिपायचा. मग प्रत्येक वाचन ० ते १००० मध्ये बसवायचं: पूर्ण पांढरं ०, पूर्ण काळं १०००. मर्यादेबाहेर गेलेला आकडा कापायला विसरू नका.

प्रोग्राम, पण आधी कागदावर

लॅपटॉप उघडण्यापूर्वी वर्गात एक खेळ घ्या. जमिनीवर टेपची वळणदार रेषा काढा. एका मुलानं डोळे बांधून चालायचं, दुसऱ्यानं फक्त ‘रेषा डावीकडे’ किंवा ‘रेषा उजवीकडे’ एवढंच सांगायचं. चालणारा नागमोडी जातो. मग ‘थोडी’, ‘जास्त’, ‘खूप’ असं मापही सांगायला परवानगी द्या, चाल लगेच सरळ होते. शेवटी सांगणाऱ्यानं मुद्दाम दोन सेकंद उशिरा सांगायचं. चालणारा रेषेबाहेर फेकला जातो. प्रमाण आणि उशीर या दोन गोष्टी मुलांच्या अंगात उतरल्या की पुढचं सूत्र अवघड राहत नाही.

रेषेची जागा काढायची ती भारित सरासरीनं. पाच सेन्सरांना डावीकडून ०, १०००, २०००, ३०००, ४००० अशी स्थानं द्या. प्रत्येक वाचन त्याच्या स्थानानं गुणा, बेरीज करा आणि वाचनांच्या बेरजेनं भागा. समजा तिसऱ्या सेन्सरचं वाचन ९००, चौथ्याचं ३००, बाकी शून्य. ९०० गुणिले २००० अधिक ३०० गुणिले ३००० म्हणजे २७ लाख, भागिले १२००, उत्तर २२५०. मध्य २००० वर, म्हणून चूक २५०. रेषा किंचित उजवीकडे आहे. असे चार-पाच हिशेब हातानं सोडवून घेतल्याशिवाय कोड लिहू देऊ नका.

याच ठिकाणी एक दडलेली चूक होते. अर्डुइनो नॅनोवर ‘इंट’ जातीच्या चलात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. २७ लाखांची बेरीज त्यात ओतली की आकडा उलटसुलट होतो, आणि रोबो मध्येच कारण नसताना विरुद्ध वळतो. ही बेरीज आणि गुणाकार ‘लाँग’मध्येच करायचे. तसंच केपी, म्हणजे पुढच्या सूत्रात चुकीला गुणणारा आकडा, ‘इंट’ ठेवला तर ०.०४ चा शून्य होतो आणि रोबो सरळ भिंतीवर जातो. तो ‘फ्लोट’ हवा.

सगळ्या वाचनांची बेरीज फार कमी आली, म्हणजे एकाही सेन्सरला रेषा दिसत नाही, तर भागाकार करायचा नाही. शेवटची चूक धन होती की ऋण ते आठवून चूक थेट २००० किंवा वजा २००० धरायची. रेषा ज्या बाजूला निसटली त्याच बाजूला रोबो वळतो आणि ती परत सापडते. ही एक ओळ घातली की निम्मे अपघात कमी होतात.

मग सुकाणू. त्यात केपी चुकीच्या प्रमाणात वळवतो, तर केडी चूक किती झपाट्यानं बदलतेय ते पाहून डोलणं आवरतो:

दुरुस्ती = केपी × चूक + केडी × (चूक − मागची चूक)
डावं चाक = मूळ वेग + दुरुस्ती
उजवं चाक = मूळ वेग − दुरुस्ती

चिन्ह बरोबर आहे का ते रोबो हातात धरून पाहा. पट्टीखाली रेषेचा कागद उजवीकडे सरकवला की डावं चाक जोरात फिरलं पाहिजे. उलट झालं तर सेन्सरचा क्रम उलटा वाचला जातोय.

चाकाला जाणारा आकडा नेहमी मर्यादेत कापा. ५ आणि ६ या पिनांवर ३०० पाठवले तर चिप फक्त खालचे आठ बिट धरते आणि मोटरला ४४ मिळतात. मुलाला दिसतं असं की सर्वांत जोरात वळायच्या क्षणीच चाक मंदावलं. आकडा ऋण आला तर दिशेच्या पिना उलट करून त्याचं मूल्य द्यायचं, म्हणजे तीव्र वळणावर आतलं चाक मागे फिरतं.

लूपचा, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीचा, वेळ ठरावीक ठेवा, ५ मिलिसेकंद. पाच सेन्सर वाचायला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे ५ आरामात जमतात. बिघडवतं ते सिरियल मॉनिटरवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर, आकडे छापणं. ९६०० बॉड या वेगाला एक अक्षर जायला एक मिलिसेकंद लागतं. दर फेरीला ३० अक्षरं छापली की फेरी ३० मिलिसेकंदांवर जाते, आणि पूर्ण वेगातला रोबो तेवढ्यात २ सेंमी आंधळेपणानं पुढे सरकतो. छापण्याचा वेग ११५२०० करा आणि ट्रॅकवर सोडण्याआधी छापणं बंद करा. ‘डिले’ ही थांबून राहण्याची आज्ञा या प्रोग्रामात कुठेच नको.

आकडे जुळवणं

मूळ वेग ८० पासून सुरुवात करा. केपीचा पहिला अंदाज साध्या हिशेबानं निघतो: कमाल चूक २००० आली की आतलं चाक थांबावं, म्हणून ८० भागिले २०००, म्हणजे ०.०४. केडी शून्य. रोबो रेषा धरेल, पण डोलत. आता केडी केपीच्या पाचपट करा, मग दहापट. डोलणं कुठेतरी एकदम शमतं. चाकं थरथरू लागली, घरघर आवाज आला, तर केडी जास्त झालाय किंवा सेन्सरमध्ये गोंगाट आहे. केआय, म्हणजे साचत गेलेल्या चुकीचा गुणक, सुरुवातीला सोडून द्या. लाइन फॉलोअरला त्याची गरज क्वचितच पडते आणि मुलांचा गोंधळ मात्र खूप वाढतो.

नियम कडक ठेवा: एका वेळी एकच आकडा बदलायचा, तीन फेऱ्या मारायच्या, वेळ आणि बॅटरीचं व्होल्टेज लिहायचं. व्होल्टेज लिहिणं अत्यावश्यक, कारण ८.३ व्होल्टवर जुळवलेले आकडे ७.२ वर मंद पडतात आणि मुलं विनाकारण केपी वाढवतात. बॅटरी ७ व्होल्टवर आली की सेल बदलायचे. त्याखाली नॅनोच्या रेग्युलेटरलाही पाच व्होल्ट टिकवणं जड जातं. तीनही फेऱ्या नीट झाल्या तर मूळ वेग १० नं वाढवा आणि पुन्हा जुळवा. प्रत्येक चाललेला प्रोग्राम तारखेच्या नावानं वेगळा जपून ठेवा. ‘काल चालत होता’ या वाक्याला दुसरं उत्तर नाही.

सरळ रेषेवर डोलणं वाढत जातं तेव्हा केपी जास्त, केडी कमी किंवा लूप मंद. वळणावर बाहेर फेकला जातो तेव्हा केपी कमी किंवा वेग जास्त. पण त्याआधी टायर पुसून पाहा. फ्लेक्सवरची धूळ रबरावर बसली की दोन फेऱ्यांत पकड जाते. ओल्या फडक्यानं टायर पुसणं ही दर फेरीआधीची सवय व्हावी. डाव्या वळणावरच चुकतो आणि उजव्यावर नाही, तेव्हा आकड्यांना दोष देऊ नका. पट्टी मध्यावर बसलेली नाही, किंवा एका मोटरमध्ये दम कमी आहे.

काटकोन, तुटक रेषा आणि उलटे रंग हे शेवटी घ्यावेत. काटकोनासाठी एका बाजूचे तीन सेन्सर एकदम काळे झाले की दिशा लक्षात ठेवायची, चाकांचा आस कोपऱ्यावर येईपर्यंत पुढे जायचं आणि मधल्या सेन्सरला रेषा दिसेपर्यंत जागेवर फिरायचं. तुटक भागात शेवटची चूक लहान असेल तर सरळ जायचं, वळायचं नाही. काळ्यावर पांढरी रेषा आली की कडेचे सेन्सर काळे आणि मधला पांढरा दिसतो, तेव्हा प्रत्येक वाचन १००० मधून वजा करायचं. पाचही सेन्सर काळे झाले तर ती आडवी रेषा की शेवटचा चौकोन, हे ओळखायला आणखी २ सेंमी पुढे जाऊन पुन्हा वाचायचं.

शिक्षकानं या टप्प्यात मुलाच्या हातातला कीबोर्ड घेऊ नये. ‘आत्ता चूक किती आली? मोजलीस का?’ एवढंच विचारावं. मूल आकडा सांगू लागलं की कारणही तेच सांगतं.

स्पर्धेला जाताना

नियमपत्रिका आठवडाभर आधी मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या: रोबोची लांबी-रुंदी, बॅटरीची व्होल्टेज मर्यादा, रेषेची रुंदी, हात लावला तर किती सेकंदांचा दंड, कॅलिब्रेशनला वेळ मिळतो की नाही. दंड मोठा असेल तर जुळवलेल्या वेगापेक्षा १० नं कमी धावलेलं बरं. एक पूर्ण फेरी बहुतेक ठिकाणी अर्धवट वेगवान फेरीला मागे टाकते.

पेटीत चार्ज केलेल्या सेलच्या दोन जास्तीच्या जोड्या, जास्तीची मोटर आणि ड्रायव्हर, डेटा केबल दोन, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, झिप टाय, इन्सुलेशन टेप, फडकं आणि नोंदवही. ठिकाणी पोहोचल्यावर पहिलं काम सरावाचं नाही, सेन्सरचे आकडे पाहण्याचं. तिथल्या ट्रॅकवरचा पांढरा आणि काळा, खिडकीजवळचा आणि आतला. फरक कमी असेल तर झालर खाली घ्या किंवा उंची एक मिमी बदला. केपी-केडीला हात लावण्याची गरज त्यानंतरच ठरते. नंबर लागायला अर्धा तास उरला की प्रोग्राम बंद, फक्त टायर पुसायचे आणि व्होल्टेज पाहायचं.

परत आल्यावर सेल होल्डरमधून काढा. महिनाभर रोबो वापरायचा नसेल तर प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून, टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशा प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. डबीवर तारीख आणि व्होल्टेज चिकटवा, म्हणजे पुढच्या तुकडीला कोणता सेल उतरत चाललाय ते कळेल.